थंडीत सकाळी सुरू न होणारा कम्प्युटर: गंगाखेडमधल्या चार आठवड्यांच्या नोंदी

१२ डिसेंबर २०२२, सोमवार

सकाळी साडेसहाला मुलीनं उठवलं. "बाबा, कम्प्युटर चालू होईना गेलाय." ती बारावीला आहे, फेब्रुवारीत परीक्षा. तिचे डाउनलोड करून ठेवलेले सगळे तास याच मशीनवर आहेत आणि ती पहाटेच अभ्यासाला बसते. म्हणून या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवतोय.

मशीन २०१३ मध्ये नांदेडला जुळवून घेतलेलं. प्रोसेसर आय-थ्री ३२२०, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, चार जीबी डीडीआर-थ्री रॅम. वेगळं ग्राफिक कार्ड नाही. २०१९ मध्ये २४० जीबीची एसएसडी डिस्क टाकून विंडोज १० घातलं. कॅबिनेट आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) पहिल्यापासूनचेच.

लक्षण असं: बटण दाबलं की पंखा दोन सेकंद फिरतो, थांबतो, आपोआप पुन्हा फिरतो, पुन्हा थांबतो. मॉनिटरवर काहीच नाही, बीप नाही. सात-आठ वेळा असं झालं की एकदाची बीप येते आणि विंडोज उघडतं. त्यानंतर दिवसभर काही त्रास नाही. दुपारी रीस्टार्ट केलं तर पहिल्या दमात चालू.

हे शेवटचं वाक्य मी आजच लिहिलं आणि त्याच्याकडे पुढचे तेरा दिवस पाहिलं नाही.

१३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी दहा वेळा बटण दाबल्यावर चालू झालं. संध्याकाळी शाळेतून आल्यावर कॅबिनेट उघडलं. आत कापसाच्या तंतूंसारखा धुळीचा थर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिनिंगला जाणाऱ्या गाड्या उभ्या राहतात. ब्रशनं आणि सायकलच्या पंपानं साफ केलं. पंख्याची पाती बोटानं धरून मगच हवा मारा, नाहीतर पंखा उलटसुलट फिरून बेअरिंग खराब होतं.

रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसल्या, परत बसवली. बटण दाबलं, पहिल्याच वेळी चालू. घरात सगळ्यांना सांगितलं की झालं.

१४ डिसेंबर, बुधवार

सकाळी पुन्हा तेच. नऊ वेळा.

काल संध्याकाळी चालू झालं ते खोडरबरामुळे नव्हतं. संध्याकाळी ते तसंही चालू होतंच. दुरुस्ती ज्या वेळी केली त्याच वेळी तपासणी केली, ही माझी पहिली चूक. सकाळचा बिघाड सकाळीच तपासायला हवा होता.

रॅम दुसऱ्या खाचेत घालून पाहिली, फरक नाही. मदरबोर्डवरची सीमॉस बॅटरी (घड्याळ आणि सेटिंग जपणारी) काढून मल्टिमीटरवर मोजली: २.६ व्होल्ट. नवी तीन व्होल्टच्या वर दाखवते. घड्याळ मागं पडत होतं त्याचं कारण कळलं. सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी, घड्याळाच्या दुकानात तीस रुपयांना मिळाली.

१५ डिसेंबर, गुरुवार

आजचे साडेतीन तास वाया गेले. ते कुणाचेही जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितो.

रात्री बॅटरी बदलली, मशीन चालू केलं. बीप आली, विंडोजची खूण आली आणि मग निळा पडदा: इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर गेलं आणि दुरुस्ती होत नाही म्हणालं. मला वाटलं एसएसडी गेली. एका मित्राला फोन केला, तो म्हणाला फॉरमॅट मारून टाक. पेन ड्राइव्हवर विंडोज घ्यायला मी बसलोही होतो.

मुलगी म्हणाली, "पण बाबा, काल तर हे चालू झाल्यावर नीट चालत होतं. आज फक्त बॅटरीच बदलली ना?" तिचं बरोबर होतं. बॅटरी काढली की बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डाच्या प्रोग्रॅममधल्या, सगळ्या सेटिंग मूळ जागी जातात. या जुन्या मदरबोर्डावर साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, मूळचा आयडीई असतो. माझं विंडोज एएचसीआय मोडमध्ये घातलेलं. मोड बदलला की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही.

चालू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो, साटा मोड आयडीईवरून एएचसीआय केला, एफ-टेन दाबून जतन केलं. विंडोज उघडलं, एकही फाइल गेली नव्हती. तारीखही तिथंच दुरुस्त केली. ती चुकीची असली तर ब्राउझर प्रत्येक साइटला 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणतो आणि माणूस इंटरनेटमध्ये बिघाड शोधत बसतो.

बॅटरी काढायच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

१६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी आठ वेळा. म्हणजे बॅटरी खराब होती, पण दुखणं ते नव्हतं.

१७ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा करून कॅबिनेट चादरीत गुंडाळून एसटीनं परभणीला नेलं. दुकानात दुपारी दोनला जोडलं तर पहिल्या दाबात चालू. दुकानदारानं पाच वेळा बंद-चालू केलं, पाचही वेळा चालू. तो म्हणाला, "सर, याला काही झालेलं नाही. पण घरी असं होतंय म्हणता तर मदरबोर्ड जायलाय. नाहीतर रॅम." एच-६१ चा जुना बोर्ड त्याच्याकडे अडीच हजाराला होता. तेवढे पैसे घालायचं धाडस झालं नाही म्हणून जुनी चार जीबी रॅम साडेसातशेला घेतली.

दुकानदाराचा दोष मानत नाही. त्याला बिघाड दिसलाच नाही तर तो काय सांगणार. त्याच्याकडे मी "कधी होतं" हे न सांगता फक्त "काय होतं" एवढंच सांगितलं.

१८ डिसेंबर, रविवार

काल आणलेली रॅम एकटी घालून, आधीची एकटी घालून, दोन्ही घालून. तिन्ही वेळा तेच. साडेसातशे रुपये गेले. रॅम चांगली आहे, आता आठ जीबी झाली, पण तिच्यासाठी मी परभणीला गेलो नव्हतो.

हे करताना अनवाणी होतो आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला तर झिणझिण्या आल्या. मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक पत्र्याला, दुसरं नळाच्या लोखंडी पाइपला लावलं: १०४ व्होल्ट. भिंतीवरच्या बोर्डात फेज-न्यूट्रल २२८, पण फेज-अर्थ फक्त ९०. म्हणजे घराला अर्थिंगच उरलेलं नव्हतं. तिसरी पिन नुसती नावाला होती.

एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे एक-एक छोटा कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा दाब उभा राहतो. करंट फार थोडा असतो, पण मदरबोर्ड हाताळताना हे चांगलं नाही आणि लहान मूल असलेल्या घरात तर मुळीच नाही.

मला वाटलं, सापडलं.

२० डिसेंबर, मंगळवार

वायरमन काका आले. मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा उघडला. तार प्लेटच्या वर हातभर अंतरावर गंजून तुटलेली. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि प्लेटपासून सुटते, पावसाळ्यात फुगून पुन्हा दाबते. दहा-बारा वर्षांत तार तिथंच झिजली. काकांनी नवी जीआय पट्टी (जस्ताचा लेप दिलेली लोखंडी) जोडली, कोळसा आणि जाडं मीठ थरांनी भरलं, वर पाणी सोडायला पाइप ठेवला. म्हणाले, "सर, मार्चपासून आठवड्याला एक बादली वता यात. आपल्याकडं अर्थिंग उन्हाळ्यातच मरतं."

मजुरी आणि सामान मिळून अकराशे रुपये. आता फेज-अर्थ २२६, न्यूट्रल-अर्थ २. पत्र्याच्या झिणझिण्या गेल्या.

२१ डिसेंबर, बुधवार

सकाळी अकरा वेळा.

अर्थिंगचे पैसे वाया गेले असं मी म्हणत नाही. ते करायलाच हवं होतं. पण कम्प्युटरच्या बिघाडात त्याचा काही संबंध नव्हता, आणि एक खरा दोष सापडला म्हणून तोच कारण असेल असं धरून मी तीन दिवस घालवले.

२२ ते २४ डिसेंबर

वेळ अमावस्येच्या सणाला अहमदपूरकडे सासुरवाडीच्या शेतात. काम बंद. जाताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करून गेलो. एरवी ते कायम चालूच असतं.

२५ डिसेंबर, रविवार

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

सकाळी सातला बोर्ड चालू केला, बटण दाबलं. पंखा अर्धा सेकंदच हलला. पहिल्यांदाच इतकं वाईट. मोजत राहिलो, तेवीस वेळा. मधे दहा मिनिटं सोडून दिलं तेव्हा बोर्ड चालूच होता. त्यानंतर पाचव्या दाबाला चालू झालं.

चहा घेताना या वहीची मागची पानं चाळली. दुपारी पहिल्या दमात. परभणीच्या दुकानात, दुपारी, एसटीत उन्हानं तापलेलं, पहिल्या दमात. संध्याकाळी पहिल्या दमात. सकाळी आठ ते अकरा वेळा. तीन दिवस वीज बंद राहिल्यावर तेवीस वेळा. बोर्ड चालू असला की एसएमपीएसचा स्टँडबायचा भाग, म्हणजे मशीन बंद असतानाही जागा राहणारा, रात्रभर थोडा कोमट राहतो. तो बंद ठेवला तर पूर्ण गार होतो.

मशीनला थंडी वाजत होती. गेल्या वर्षीही जानेवारीत एक-दोनदा असं झालं होतं आणि आम्ही पुन्हा दाबून विसरून गेलो होतो.

थोरल्या भावाच्या रेशीम शेडमधला थर्मामीटर आणून टेबलावर ठेवला. आता प्रत्येक वेळी तापमान लिहायचं. दिवसभरातले आकडे: दुपारी १ ला २७ अंश, पहिला दाब, रात्री १० ला २१ अंश, मशीन दोन तास बंद ठेवून, तिसरा दाब.

२६ डिसेंबर, सोमवार

संशय एसएमपीएसवर. २४ पिनांचा जोड मदरबोर्डातून काढून हिरवी तार आणि शेजारची काळी तार यांच्यात यू-पिन अडकवली. यानं एसएमपीएस मदरबोर्डाशिवाय चालू होतो. मोजलं: पिवळी १२.१, लाल ५.०५, नारिंगी ३.३२, जांभळी (स्टँडबायची) ५.०. सगळं उत्तम. सकाळी सातलाच मोजलं होतं, गारठ्यातच.

मी गोंधळलो. मदरबोर्डच असेल असं वाटून अडीच हजारांचा हिशेबही केला. दुपारी लक्षात आलं की हा एसएमपीएस रिकामा चालला होता, त्याच्यावर ओझंच नव्हतं. रिकामी बैलगाडी कुठलाही बैल ओढतो. यू-पिनची तपासणी एसएमपीएस पूर्ण मेलाय का एवढंच सांगते. तो दमलाय का, हे सांगत नाही.

मागच्या बाजूला ११५ आणि २३० लिहिलेलं लाल सरकतं बटण असेल तर त्याला हात लावू नका. आपल्याकडे ते २३० वरच हवं. चुकून ११५ वर गेलं तर चालू करताच आत स्फोट होतो.

२७ डिसेंबर, मंगळवार

सकाळी ६.४०, १३ अंश. जोड मदरबोर्डात नीट बसवलेलाच ठेवला आणि मल्टिमीटरची टोकं मागून तारांच्या कडेनं आत सरकवली. काळं टोक काळ्या तारेत. दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

आकडे इतके भरभर बदलतात की डोळ्यांना धरता येत नाहीत. म्हणून मुलीनं मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ घेतला आणि आम्ही तो सावकाश चालवून पाहिला. दाबायच्या आधी जांभळी तार ४.७. दाबल्याबरोबर ४.२. लाल तार ४.५ पर्यंत चढली आणि कोसळली. पाच व्होल्टच्या तारेला पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ४.७५ च्या खाली जाता कामा नये. करड्या तारेवरून एसएमपीएस मदरबोर्डाला "वीज ठीक आहे" असं सांगतो, तीही वर टिकली नाही. मदरबोर्ड ती खूण मिळाली नाही म्हणून थांबत होता आणि पुन्हा प्रयत्न करत होता. तो त्याचं काम चोख करत होता.

आठव्या दाबाला चालू झाल्यावर जांभळी ४.९५, लाल ५.०.

२८ आणि २९ डिसेंबर

मोजमाप पटलं तरी पैसे घालायच्या आधी आणखी एक खात्री हवी होती. मदरबोर्डाकडे वीज जाऊ लागली की आकडे पडतात, म्हणजे मदरबोर्डच जास्त वीज खेचत असेल असंही म्हणता आलं असतं.

रात्री एसएमपीएसचे चार स्क्रू काढून तो कॅबिनेटच्या बाहेर टेबलावर ठेवला, तारा जोडलेल्याच. २८ ला सकाळी १४ अंश. प्लग काढलेला असताना बायकोच्या हेअर ड्रायरनं फक्त एसएमपीएस शेकला. कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, पाच मिनिटं. मग प्लग लावून बटण दाबलं. पहिल्या दाबात चालू. या थंडीत सकाळी पहिल्यांदाच.

२९ ला उलट. एसएमपीएस गार ठेवला, मदरबोर्ड पाच मिनिटं शेकला. नऊ वेळा दाबावं लागलं.

या दोन सकाळींना खर्च शून्य आला. हे मी १४ तारखेलाच करू शकलो असतो.

३१ डिसेंबर, शनिवार

एसएमपीएस बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या चाचांकडे नेला. मी स्वतः उघडला नाही आणि तुम्हीही उघडू नका. आतल्या मोठ्या दोन कॅपॅसिटरमध्ये मिळून सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहतो. चाचांनी उघडल्या उघडल्या साठ वॉटचा बल्ब लावून तो उतरवला, मगच हात घातला.

बाहेर वीज देणाऱ्या बाजूचे दोन २२०० मायक्रोफॅरडचे (हे साठवणुकीचं माप) कॅपॅसिटर वरून फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग. बाकीचे दिसायला चांगले होते. चाचांनी सगळे एक-एक काढून ईएसआर मीटरवर (अंतर्गत रोध मोजणाऱ्या) लावले. फुगलेल्यांत एक जेमतेम ६०० मायक्रोफॅरड उरला होता. न फुगलेल्या पाचांतलेही तीन वाईट निघाले, आणि स्टँडबायच्या ट्रान्सफॉर्मरजवळचा नखाएवढा ४७ मायक्रोफॅरडचा तर जवळजवळ कोरडा. डोळ्यांनी पाहून मी तो कधीच बदलला नसता.

"आतलं पाणी सुकलं यांचं," चाचा म्हणाले. "दहा उन्हाळे काढले. आता थंडीत म्हाताऱ्याला उठाया वेळ लागणारच की."

खरं तेच आहे. मे महिन्यात आमच्या या पत्र्याच्या खोलीत बाहेरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांहून जास्त तापतं आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. आतला द्राव दर उन्हाळ्यात थोडा आटतो, अंतर्गत रोध वाढतो, आणि थंडीत तो रोध आणखी वाढतो. बिघाड थंडीत दिसतो, पण झालेला असतो उन्हाळ्यात.

नवे सहा कॅपॅसिटर, सगळे १०५ अंशांपर्यंत चालणारे. चाचा ८५ अंशांचे घालतच नाहीत. पंख्यालाही तेल दिलं. एकूण १८० रुपये, दीड तास.

१ जानेवारी २०२३, रविवार

सकाळी ७, १३ अंश, बोर्ड मुद्दाम रात्रभर बंद. पहिला दाब, बीप, विंडोज. जांभळी ५.०२, दाबताना ४.९६.

मुलगी काही बोलली नाही. खुर्ची ओढून अभ्यासाला बसली.

३ जानेवारी, मंगळवार

तरी नवा एसएमपीएस मागवला, साडेचारशे वॉट, २१०० रुपये. घरात यावर चर्चा झाली: १८० मध्ये काम झालं असताना कशाला? माझं म्हणणं असं की बदललेले सहा सोडून आतलं बाकी सगळं दहा वर्षांचं आहे, मोठे दोन कॅपॅसिटरही. आणि परीक्षेला दीड महिना आहे. परीक्षा नसती तर मी दुरुस्त केलेलाच वापरला असता. ज्याला घाई नाही त्यानं तसंच करावं.

जुना एसएमपीएस कपाटात ठेवला, वर कागद चिकटवून: "सहा कॅपॅसिटर बदलले, ३१-१२-२२." गल्लीत कुणाचं मशीन अडलं तर तपासायला कामी येईल. हातात एक चांगला एसएमपीएस असता तर माझाही शोध एका सकाळीत संपला असता.

खर्च: बॅटरी ३०, रॅम ७५०, परभणीचं जाणं-येणं आणि खाणं २६०, अर्थिंग ११००, कॅपॅसिटर १८०, नवा एसएमपीएस २१००. एकूण ४४२०. यातले बिघाडासाठी खरोखर लागणारे १८०.

८ जानेवारी, रविवार

गेले तीन दिवस कडाका. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा पारा रोज पेपरात येतोय. आमच्या खोलीत पहाटे पाचला ११ अंश.

आज मी उठायच्या आधीच मुलीनं मशीन चालू केलेलं. किती वेळा दाबलं विचारलं तर म्हणाली, "एकदाच." थर्मामीटर भावाला परत दिला. त्याच्या शेडमध्ये परवा नव्या अळ्या येतायत, त्याला तो हवाच होता.